दाव्याचं दुसरं टोक

पारोळा तालुक्यातली ती तक्रार कागदावर केव्हाच निकाली निघाली. माझ्या मनात मात्र ती आजही उघडीच आहे.

फोन शेजाऱ्याचा होता. "साहेब, एक जण पोटच्या पोरीला गुरासारखं दाव्यानं बांधतो."

बापलेकीला ठाण्यात आणलं. पोर अकरा वर्षांची, मनगटावर दोरीचे वळ. सवयीप्रमाणे मी वहीत मुद्दे उतरवले: वळ, दावं, साक्षीदार, वैद्यकीय तपासणी. महिला शिपायासमोर पोरीला विचारलं, "कोणी बांधलं?"

"बाबानी." थोड्या वेळाने, "मायनी." तिसऱ्यांदा माझ्याकडे बोट दाखवून, "यानी!" आणि खदखदून हसली.

हवालदार बापावर डाफरला, "पढवून आणली का रे भाऊ?"

"तिना ध्यानमा काही ऱ्हास का, साहेब?"

मग तिच्या ध्यानात काही का राहत नाही, ते त्याने सांगितलं. सहाव्या वर्षी ती कापसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडली. आधी बापाशिवाय झोपायची नाही. आता त्यालाच चावते आणि नजर चुकली की शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीकडे धावते.

"पोर मनीच शे, पन पडनी तैपाईन मनी वाटत नई. कधी कधी मी रागमाच बांधस. खोटं काब्र बोलू?"

पोर आपलीच, पण पडल्यापासून आपली वाटत नाही, कधी रागातही बांधतो; मी वहीत एवढंच लिहिलं: कबुली. नियमाप्रमाणे दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. पोरीने दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. बाप त्याच्या खोलीतून धावत तिच्याकडे आला, तिच्या कपाळापुढे तळहात धरला. बाही वर सरकली. त्याच्या मनगटावरही तसेच वळ होते.

कापूस वेचताना तो दाव्याचं एक टोक तिच्या हाताला बांधायचा, दुसरं स्वतःच्या. माझ्या यादीत बापाचा हात नव्हताच.

दवाखान्याचे जुने कागद त्याच्या सांगण्याशी जुळले. बालकल्याण समितीने पोर घरीच ठेवली, उपचार सुरू करून दिले. आधी विहिरीला कुंपण घालायचं, ही अट मी घातली.

निघताना पोरीने टेबलावरचं दावं उचललं आणि बापाच्या मनगटाला गुंडाळू लागली. "तू पडशी," म्हणाली. ते मुद्देमाल म्हणून ठेवलेलं होतं. मी अडवलं नाही.

पुढे प्रत्येक तपासात मी आरोपी आणि पीडित, दोघांचेही हात पाहिले. तेवढं शिकलो. पण तिच्या मनगटावरचा कोणता वळ काळजीचा आणि कोणता रागाचा, हे मला ठरवता आलं नाही. त्या बापालाही येत नव्हतं.