मंदीवाल्याची खरेदी

बाजार पडणार असं मानणाऱ्यालाही काहीतरी विकत घ्यावंच लागतं. मलेशियातल्या इपोह शहरात, आमच्या दलाली पेढीच्या हॉलमध्ये, भावांच्या पडद्यासमोर फू तक होई माझ्या शेजारी बसायचा आणि इतरांचं बुडालं की वाढेल तेवढंच घ्यायचा. सोनं. निर्देशांक घसरला की चढणारा उलटा फंड. आणि पुट वॉरंट, म्हणजे भाव ठरल्या आकड्याखाली गेला तर पैसे देणारा, नाहीतर मुदत संपताच मरणारा कागद. एका जुन्या मंदीत त्याची सगळी पुंजी गेली, तेव्हापासून तेजीवर त्याचा विश्वास नव्हता. मंदीवरही फारसा नसावा. थकलेला माणूस कूस बदलत नाही, एवढंच.

यंदा त्याने रबरी हातमोज्यांच्या एका कंपनीचे पुट घेतले. त्याची मुलगी सू फेन त्याच कंपनीच्या इथल्या कारखान्यात माल तपासायची.

"काय मंदीशेठ," मागच्या खुर्चीवरून सुब्रा ओरडला, "पोरीच्याच कारखान्याचं मयत बघायला बसलात?"

"विमा आहे तो," होई म्हणाला. "नोकरी गेली तर वर्षभर पोसेल तिला."

सू फेन त्याच्यासाठी नूडल्स घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"पपा, आमचं बुडावं म्हणून रोज इथे येऊन बसता?"

"बुडावं म्हणून नाही गं. बुडालं तर म्हणून."

"पडद्याला कळतो का हा फरक?"

होईने तिच्या हातून नूडल्स घेतल्या. पुट मात्र त्याने विकले नाहीत.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात भाव वरच राहिला. शेवटच्या दिवशी सकाळी बातमी आली: इपोहचा कारखाना बंद. भाव ठरल्या आकड्याच्याही खाली कोसळला. सुब्राने होईच्या पाठीवर थाप मारली, "आज कॉफी तुमची!" होई हसला. इतक्या वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदाच पाहिले.

मग तो पेढीतल्या बाईला हिशोब विचारायला गेला. आजवर त्याचे सगळे पुट निर्देशांकावरचे, त्यांचा हिशोब एका शेवटच्या भावावर व्हायचा. एका कंपनीवरचा हा पहिलाच.

"काका, यात शेवटच्या पाच दिवसांची सरासरी धरतात," ती हळूच म्हणाली. "सरासरी वरच राहतेय. काही मिळणार नाही."

दुपारी सू फेन आली. अंगात अजून कारखान्याचाच डगला होता. होईने तिला सरासरीचं सांगितलं. म्हणाला, "सोनं आहे अजून. ते विकू."

"ते तुमच्या म्हातारपणाचं आहे, राहू दे. मला एक सांगा. सकाळी भाव पडला तेव्हा आनंद झाला?"

त्याने पडद्याकडे पाहिलं.

"झाला," तो म्हणाला. "तू आठवेपर्यंत."

होईच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीवरची माझी पिशवी मी उचलली. सू फेन तिथे बसली. जेवणाच्या सुट्टीनंतर बाजार पुन्हा उघडला होता. दोघंही पडद्याकडे न बघता बसून राहिली.