फुप्फुसं आणि ट्रकची ट्यूब

आमच्या बाबांना गळती सहन होत नाही. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात पंप तपासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं, त्यामुळे घरातला नळ जरा ठिबकला तरी त्यांना अन्न गोड लागत नाही. लेकीला शाळेतून श्वसनाचं मॉडेल करायला सांगितलं, तेव्हा मी ते काम मुद्दाम त्यांच्या गळ्यात मारलं. त्यात माझा स्वार्थ होता. आई गेल्यापासून बाबा नागपूरला माझ्या भावाकडे जातो म्हणत होते, सोमवारचं तिकीटही काढून झालं होतं. हाताला काम मिळालं की ते रमतील, आणि रमले की राहतील, अशी माझी भाबडी आशा. ते जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं.

मॉडेल अगदी साधं असतं. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा. झाकणातून दोन फाट्यांची नळी आत सोडायची आणि फाट्यांना फुगे बांधायचे; ही फुप्फुसं. कापलेल्या तळावर रबर ताणून बांधायचं. हा छातीखालचा पडदा. पडदा खाली ओढला की आतले फुगे आपोआप भरतात, फुंकावं लागत नाही.

बाबांनी सगळं दृष्ट लागेल असं केलं, पण पडद्यासाठी फुगा कापायचा हे काही त्यांना पटेना. "एवढं पातळ? दोन दिवसांत फाटेल." टी. टी. नगरच्या पंक्चरवाल्याकडून त्यांनी ट्रकच्या ट्यूबचा जाड तुकडा आणला आणि क्लिप लावून करकचून आवळला. मग नळीवर अंगठा दाबून अख्खी बाटली बादलीत बुडवली. एक बुडबुडा आला नाही. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला.

"आजोबा, पण हे खिंचतच नाहीये!" पडदा दोन्ही हातांनी ओढत लेक तिच्या अर्ध्या हिंदीत ओरडली.

"लीकेज तर नाही ना?"

"लीकेज नाही, पण साँस पण नाही!"

मला हसू आवरेना. बाबाही हसतील असं वाटलं. त्यांनी बाटली घेतली, पडदा ओढला, पुन्हा ओढला. फुगे तसेच लोंबत राहिले.

"तुझ्या आईचं असंच व्हायचं," ते मला म्हणाले. "ओढायची, ओढायची, भरायचंच नाही."

आईचं शेवटचं आजारपण आमच्याच घरात निघालं होतं, आतल्या खोलीत. लेकीने क्लिप सोडवली, एक फुगा कापून तळाला बांधला आणि ओढून पाहिला. आतले फुगे भरले, सोडल्यावर रिकामे झाले. बाबांनी बाटली मागून घेतली आणि बराच वेळ पडदा ओढत, सोडत बसले.

लेक खाली खेळायला गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, नका ना जाऊ."

"मला इथे तिचा दम ऐकू येतो, बेटा. जेवताना, पेपर वाचताना. तुला नाही येत?"

मला येत नव्हता. मला नुसता राग आला, त्या खोलीचा, त्या बाटलीचा, आईचासुद्धा. एरवी भांडायला मी कुणाला हार जात नाही, पण याच्यावर काय भांडणार? ज्या घरात त्यांना घास गिळवत नाही तिथे माझ्यासाठी थांबा म्हणायला माझी जीभ रेटेना. "मग जा तुम्ही," मी म्हटलं आणि सोमवारी त्यांच्या पिशवीत पोळी-भाजीचा डबा घालून त्यांना गाडीत बसवून आले.

मॉडेल शाळेतच राहिलं. बाबा नागपुरात बरे आहेत, झोप लागते म्हणतात. ऐकून मला बरं वाटतं, आणि अजिबात बरं वाटत नाही. आईचा दम मला अजूनही ऐकू येत नाही. पण सकाळी चहाचं आधण ठेवलं की बाहेरच्या खोलीत, चहासाठी बाबा करायचे तसं, कुणीतरी घसा खाकरतं, आणि लेक समोर बसलेली असतानाच मी मोठ्याने म्हणून जाते, "आणते, बाबा."