कोर्फूचा शिक्का

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. सौदीत राबिघला रिफायनरीच्या कामावर मी टाइमकीपर होतो. साल दोन हजार सात. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कोण खरंच आलाय, कोणाचं कार्ड त्याच्या दोस्ताने पंच केलंय, ते बघायचं. बारा वर्षं हेच केल्यावर माणूस दुसरं काय होणार? कोणी "गुड मॉर्निंग मामा" म्हणालं तरी मी आधी घड्याळ बघायचो.

एप्रिलात गुहागरहून ताईचा फोन आला. माझ्या भाचीला, ममताला, हर्णैचं स्थळ आलं होतं. मुलगा सुट्टीत बघून गेला, पोरीला पसंत होता, पत्रिका जुळत होती. "आणि नागेश, तो तुझ्याच कॅम्पात आहे. रत्नाकर पावशे. चौकशी तेवढी कर. तू हो म्हणालास की सुपारी फोडू."

ममताला बाप नाही. तिला चालायला मी शिकवलं, शाळेत नाव मी घातलं. माझ्या घरी बायको ना पोर, जे काय माझं ते तीच. आणि रत्नाकर तर माझ्या खोलीतच राहायचा, समोरच्या खाटेवर. माझ्या खाटेपासून त्याची पेटी चार हातांवर.

आमच्याकडे चौकशी करायची ती मुलाच्या पाठीमागे. शेजाऱ्यांना विचारायचं, न्हाव्याला विचारायचं, मुलाला नाही. त्याला विचारलं तर तो काय स्वतःला नालायक म्हणणार आहे? म्हणून मी कोण, हे त्याला सांगितलं नाही. तोंडाला कुलूप घातलं आणि डोळे उघडे ठेवले.

महिनाभरात काही म्हणता काही सापडेना. बाप मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, तो लवकर गेला. हा एकोणिसाव्या वर्षी बोटीवर लागला, मग जेद्दाच्या एका शेखच्या खाजगी बोटीवर इंजिन सांभाळायला. शेखने बोट विकली तेव्हा राबिघला पंपांच्या कामावर आला. कामाला वक्तशीर, पत्ते नाहीत, शिवीगाळ नाही. शुक्रवारी सगळ्या खोलीसाठी घरची आमसुलं घालून माशाचं कालवण करायचा आणि डोकं न मागता माझ्या ताटात वाढायचा. इतका चांगला माणूस बघितला की मला झोप लागत नाही.

आणि मग ते बेट निघालं.

शुक्रवारचं जेवण झालं की पोरं त्याला चढवायची, "रत्नाकर, तुझं बेट सांग." हा भिंतीला टेकून सुरू करायचा. शेख उन्हाळ्यात बोट घेऊन सुएझमधून वर जायचा, तिकडे ग्रीसचं एक बेट आहे, कोर्फू. हिरवंगार, आपल्या कोकणासारखं. पाऊस भरपूर, घरांवर कौलं. डोंगरभर ऑलिव्हची झाडं, बुंधे असे की दोघांनी कवळ घालावी. पूर्वी व्हेनिसवाल्यांचं राज्य होतं, शंभर झाडं लावली की सरकारातून इनाम मिळायचं, म्हणून अख्खं बेट झाडांनी भरलं. दोन किल्ले, तुर्कांनी वेढा घातला तरी पडले नाहीत. तिथला एक साधू वारला त्याला सतराशे वर्षं झाली, पण देह अजून आहे, आणि ऑगस्टात त्याची पालखी निघते.

"पालखी? शिमग्यासारखी?" कोणीतरी विचारायचं.

"शिमग्यासारखीच. पुढे बँड, आणि लोक खिडक्यांतून लाल कापडं सोडतात. आणि किल्ल्यासमोर मैदान आहे, तिथे क्रिकेट खेळतात. मी स्वतः दोन ओव्हर टाकल्या आहेत."

ग्रीसमध्ये क्रिकेट! खोली हसून लोळायची. तोही हसायचा आणि म्हणायचा, इंग्रज पन्नास वर्षं होते तिथे, ते शिकवून गेले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. उचलली जीभ लावली टाळ्याला. जो माणूस सहा जणांसमोर तोंड वर करून अशी थाप मारतो, तो बायकोला काय काय सांगेल?

आमचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असायचे, आमच्या खिशात फक्त इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना. कपाटाची किल्ली ऑफिसातल्या वहाबकडे, आणि वहाबच्या ओव्हरटाइमचा कागद माझ्याकडे. दुपारी चहा घेऊन गेलो.

"किसका चाहिए, मामा?"

"पावशे का. नाम का स्पेलिंग देखना है."

पान न् पान उलटलं. मुंबई होती, जेद्दा होतं. ग्रीसचा एकही शिक्का नव्हता. कोऱ्या पानांवर बोट फिरवून बघितलं, पुसलंबिसलंय का. नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याच संध्याकाळी मी ताईला फोन केला. "मुलगा थापाड्या आहे. जन्मात गेला नाही तिथल्या गोष्टी सांगतो. मी पुरावा बघितलाय. नको."

ताई म्हणाली, "तू म्हणतोस तर नको." घरच्यांनी हर्णैला कळवून टाकलं. शब्द मात्र माझाच कळवला, थापाड्या.

रत्नाकरला घरून कळलं असणार. त्या शुक्रवारीही त्याने कालवण केलं आणि डोकं माझ्याच ताटात वाढलं. मला वाटलं, बघा, किती मुरलेला लबाड आहे.

जूनमध्ये वेल्डिंग तपासायला थानासिस नावाचा ग्रीक इन्स्पेक्टर आला. गेटवर त्याचा पास करताना मला राहवलं नाही. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "काय साहेब, तुमच्याकडे क्रिकेट खेळतात म्हणे?"

तो हसला. "ग्रीसमध्ये? नाही." मी मनातल्या मनात मिशीवर ताव मारला. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "एक कोर्फू सोडून. माझी सासुरवाडी आहे तिथली. किल्ल्यासमोर मैदान आहे, माझी गाडी तिथे उभी होती, त्यांच्या चेंडूने काच फोडली." मग मीच विचारलं, पालखी? तो म्हणाला, ऑगस्टात. झाडं? व्हेनिसवाल्यांनी लावलेली. एकेक गोष्ट तो बोलत गेला, रत्नाकरच्या शब्दाला शब्द जुळत गेला.

ड्युटी संपल्यावर खोलीवर गेलो. रत्नाकर कपडे घडी करत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला सरळ विचारलं, "तू कोर्फूला गेलास, तर पासपोर्टवर शिक्का कसा नाही?"

त्याने पेटी ओढली, तीच, माझ्यापासून चार हातांवरची, आणि खलाशाचं निळं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "बोटीवरच्या माणसाला शिक्का नसतो, मामा. बंदरात उतरायचा पास देतात, निघताना परत घेतात. बोटीची नोंद यात आहे." त्यात बोटीचं नाव, दोन उन्हाळ्यांच्या तारखा आणि कप्तानाची सही होती. मागे एक फोटो, मैदानात चेंडू घेऊन हा.

"मी ममताचा मामा," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. तिनेच सांगितलं होतं बघायला गेलो तेव्हा."

"मग मला दाखवलं का नाहीस हे?"

"तुमची चौकशी चालू होती. मुलाने मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. म्हटलं, विचाराल कधीतरी."

मला त्याच्याकडे बघवेना. लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, आत्ता ताईला फोन लावतो, सगळं परत जुळवतो. तो घडी करत राहिला. "आईला तो शब्द फार लागला, मामा. तिने आठवड्यात मुरूडची मुलगी ठरवली. सुपारी फुटली. आता त्या मुलीचं काय करू?"

तरी मी फोन लावला. ममताने उचलला. मी सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शिक्का नसतो ते त्यांनी मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. मी विचारलं होतं."

"मग बोलली का नाहीस, बाय?"

"तुम्ही पुरावा बघितलाय म्हणालात. तुमच्या शब्दापुढे या घरात मी काय बोलणार?"

फोनच्या कार्डावरची मिनिटं संपत होती.

"मामा," ती म्हणाली, "पुढचं स्थळ आलं की चौकशी तुम्ही करू नका." आणि फोन ताईकडे दिला.