मीटरबाईनं अडवलेला माणूस

आमच्या कारखान्यात तिला सगळे मीटरबाई म्हणत. तिचा नवरा इथेच फिटर होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी ती आली. फिटरचं काम येत नव्हतं, म्हणून मालकांनी तिच्या हातात ऑक्सिजनचं मीटर दिलं.

आम्ही डेअऱ्यांसाठी स्टेनलेस स्टीलचे पाइप आणि टाक्या बनवायचो. जोड मारताना आतल्या बाजूला हवा राहिली, तर तापलेलं स्टील आतून काळं पडतं, करपलेल्या साखरेसारखे खडे धरतं. त्या खड्यांत दूध अडकून नासतं. म्हणून आत आर्गॉन वायू सोडून हवा हुसकायची, मीटरची बारीक नळी आत घालायची आणि ऑक्सिजनचा आकडा शून्याच्या जवळ आला की वेल्डरला सांगायचं, "मारा." तिची सासू म्हणायची, "लोकांच्या सुना कामाचा पगार आणतात, माझी सून हवा नसल्याचा आणते."

वेल्डरला आम्ही मिस्त्री म्हणायचो. माणूस तिरसट, पण मीटरबाईवर त्याचा भरवसा होता. आकडा कितीही चांगला दिसला तरी नळी कुठे दबली नाही ना, पाइपाच्या तोंडाची चिकटपट्टी सुटली नाही ना, हे ती बघायचीच. मिस्त्रीचा धाकटा भाऊ ग्राइंडर चालवायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, मिस्त्रीनंच त्याला वाढवलेलं. धाकटा हसरा होता, तिला ताई म्हणायचा.

"ताई, ती नळी जरा माझ्या डोक्याला लावून बघा."

"नको रे बाबा. शून्य आलं तर मिस्त्री तिथेच वेल्डिंग सुरू करतील."

मिस्त्रीसुद्धा हसला होता त्या दिवशी.

मग ती उभी टाकी आली. बुडाजवळचा जोड मारून झाला, गॅस बंद केला, वरचं झाकण काढलं. पण आर्गॉन हवेपेक्षा जड, बुडाशी पाण्यासारखा साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत उतरण्याआधी ब्लोअर लावून तो बाहेर काढायचा आणि पुन्हा आकडा बघायचा, असा नियम. ब्लोअर रंगकामवाल्यांनी नेला होता.

"मी घेऊन येते," ती म्हणाली. "तोवर उतरू नका हं."

"हो गं बाई, जा तू," मिस्त्री म्हणाला.

टाकी न्यायला गाडी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मिस्त्रीला आतून जोड कसा बसलाय ते बघायचं होतं. बघायला असा किती वेळ लागणार? तो उतरला.

ती ब्लोअर ओढत परत आली तेव्हा धाकटा टाकीवर चढून आत ओरडत होता, "दादा! अरे दादा!" मिस्त्री बुडाशी मुटकुळं करून पडला होता. धाकट्यानं एक पाय आत टाकला. मीटरबाई शिडीनं वर चढली, त्याचा पट्टा धरून त्याला मागे खेचला आणि टाकीच्या तोंडावर आडवी पडली.

"सोड! माझा भाऊ आहे तो!"

"तूही मरशील! आत हवा नाही!"

त्यानं तिला कोपर मारलं, तिचा पुढचा दात तुटला. तोंडातून रक्त येत होतं, तरी ती हलली नाही. आम्ही दोघातिघांनी धाकट्याला धरलं. तिनं नळी आत सोडली. आकडा दोन टक्के. आपण जिथे उभे असतो तिथे एकवीस असतो. ब्लोअर सुरू झाला आणि ती आकडा वाचत राहिली, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. "आता," ती म्हणाली, तेव्हा दोर बांधून एक जण उतरला.

मिस्त्री वर आला, पण जिवंत आला नाही.

लगेच काढला असता तर वाचला असता का, असं धाकट्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते तीन शब्द त्यानं उराशी धरले. मीटरबाई त्यांच्या घरी गेली तेव्हा तो उठून आतल्या खोलीत गेला. मिस्त्रीच्या बायकोनं एवढंच विचारलं, "आतून काही बोलले का ते?"

"नाही, वहिनी."

कारखान्यात कुणी म्हणालं बाईनं डोकं ठिकाणावर ठेवलं, कुणी म्हणालं काळीज दगडाचं आहे. ती आपली नळी घेऊन कामावर येत राहिली. एकदा फक्त मला म्हणाली, "आकडा वाचताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. तेच मला सहन होत नाही."

पुढे धाकटा वेल्डिंग शिकला आणि भावाच्या जागी उभा राहिला. नळी तिच्याच हातात. ती म्हणायची, "मारा." तो तोंडावर मुखवटा ओढायचा. त्यांच्यात दुसरा शब्द नव्हता. ताई तर त्याच्या तोंडून पुन्हा कधी आलंच नाही. अशी वर्षं गेली. सासू वारली, धाकट्याला मुलगी झाली. त्याचे पेढे तिला दुसऱ्याच्या हातून मिळाले.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आकडे पुसट दिसायला लागले, तेव्हा तिनं स्वतःहून काम सोडलं. नंतर एकदा धाकट्याची बायको तिच्या खोलीवर आली, मुलीला घेऊन.

"ताई, त्या दिवशी तुम्ही आडव्या पडला नसता, तर ही नसती. त्यांना कळतं सगळं. म्हणता येत नाही."

"त्याला म्हणायला लावू नकोस," मीटरबाई म्हणाली. "माझ्यावर राग धरलाय म्हणून उभा आहे तो. राग गेला तर भाऊ पुन्हा जाईल त्याचा."

धाकटा काही तिच्या दारात आला नाही. मी अधूनमधून जातो. डोळ्यांचं ऑपरेशन ती आज-उद्या करत टाळते. मागच्या वेळी तिनं विचारलं, मीटर आता कोण बघतं? मी सांगितलं, नवीन आलंय, हवा कमी असली की आपोआप वाजतं.

"वाजल्यावर थांबतात का?"

"थांबतात," मी म्हणालो. "बहुतेक वेळा."

ती उठली. चहाचे कप उचलून, भिंतीला हात लावत, मोरीकडे गेली.