तुझ्या वाटचं
मेणबत्ती विझल्यावरचा धुरकट वास आला की मला आमचं कल्याणचं चर्च आठवतं. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी तिथे शेवटच्या बाकावर एकटी बसलेले. मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणू लागली आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीपाशी माझा आवाजच बंद झाला. शेजारच्या वयस्कर बाईंनी माझा हात धरला. “नको म्हणूस, अगं. तुझ्या वाटचं मी म्हणते.” आणि त्यांनी ती ओळ दोनदा म्हटली. घरी आले, कुलूप उघडलं आणि दारातच मोठ्याने म्हणाले, “देवा, घरात कुणीच नाही रे.” माझ्या स्वतःच्या शब्दांतली ती पहिली प्रार्थना. बहुतेक संध्याकाळी अजूनही मी तेवढीच करते.