बोनसचे पेढे

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या नीळकंठ पाटणकरला फुकटाची हौस होती. हौस कसली, व्यसनच! कंपनीच्या कार्यक्रमातल्या छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, कुठल्याशा बँकेने दिलेला फुगवायचा फ्लेमिंगो, सगळं माळ्यावर नांदत होतं. बायको मृदुला माळ्याचं दार उघडायची ती एक हात डोक्यावर धरूनच. पेशाने हा सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक वासावरून हुडकायचा, पण 'फुकट' असं लिहिलेलं दिसलं की अक्कल गहाण!

कोरोनाचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. ऑफिस घरात, सायकल दारात गंजत पडलेली, आणि त्याच सुमारास देशात ऑनलाइन बेटिंगला परवानगी मिळालेली. टीव्ही लावला की जाहिरात. एका साइटवर नीळकंठने वाचलं, खातं उघडा, दहा युरो भरा, पन्नास युरो बोनस मिळवा! त्याने भरले. क्षणात स्क्रीनवर पन्नास हजर.

"मृदुला! याला म्हणतात कमाई!"

"आधी अटी वाच," ती म्हणाली. "आणि ऐक. हे पन्नास महिन्याभरात बँकेत आले नाहीत, तर माळा रिकामा करायचा आणि फुकटची एकही वस्तू पुन्हा या घरात आणायची नाही. मंजूर?"

"मंजूर!" गडी पेटला होता.

आता पहिली कमाई म्हणजे देवापुढे ठेवायलाच हवी. नोटा नव्हत्या, म्हणून फोनच गणपतीपुढे ठेवला, पन्नासाचा आकडा देवाला दिसेल असा. वर हळदकुंकू वाहिलं. चार्जरच्या भोकात कुंकू गेलं ते निराळंच. मग मिल्क पावडरचे पेढे करून शेजारी वाटले. दाराशी कागदी बशी ठेवायची, घंटा वाजवायची, दीड मीटर मागे सरायचं आणि मास्कमधून ओरडायचं, "बोनस!" पलीकडच्या मरायके आजींना वाटलं, याला ऑफिसात बढती मिळाली. बिचारीने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी स्वारी पैसे काढायला बसली. निघेनात! मग एकदाच्या अटी उघडल्या. बोनस काढण्याआधी तो दहा वेळा पैजांमध्ये फिरवायचा. म्हणजे पाचशे युरोंच्या पैजा लावायच्या, त्याही तीस दिवसांत. नाहीतर बोनस रद्द.

"अगं, मग हे पैसे माझे कुठे आहेत?"

"तेच तर! तुला नुसते दाखवलेत, दिलेले नाहीत."

"मग लावतो पैजा. क्रिकेट कळतं मला."

"खबरदार! देवापुढे ठेवलेला पैसा जुगारात? हात तर लावून बघ!"

झाली की पंचाईत! जुगार खेळल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि पैसे देवाचे म्हणून जुगार चालत नाही. नीळकंठने देवाची परवानगी मागून पाहिली. देव काही बोलला नाही, मृदुला मात्र बरंच बोलली. मग तो रोज सकाळी फोन उघडून पन्नासाचं नुसतं दर्शन घ्यायचा. महिना संपला आणि आकडा गेला. स्वतःचे दहा तेवढे परत आले. ठरल्याप्रमाणे माळा रिकामा झाला. फ्लेमिंगो देऊन टाकताना तर त्याला रडूच आलं.

त्याच शनिवारी घंटा वाजली. दारात मरायके आजी, दीड मीटर लांब, आणि पायरीवर त्यांच्या काचेच्या ताटलीत सफरचंदाचा गरम केक.

"तुमचे पेढे फार छान होते. हे तुमच्यासाठी."

नीळकंठचा हात पुढे गेला आणि थबकला. कबूल केलेलं आठवलं. "अटी काय आहेत?" त्याने विचारलं.

आजी हसून बेजार. "कसल्या अटी? ताटली तेवढी सावकाश परत द्या."

त्याने काकुळतीला येऊन आत हाक मारली, "मृदुला, फुकटचा केक आहे गं. घेऊ का?"

"घे की! फुकट कुठला? ताटली काय रिकामी परत द्यायची? लाडू करावे लागतील. मग त्या काहीतरी पाठवणार, मग परत आपण."

नीळकंठ दचकला. "किती वेळा?"

"शेजारी आहेत तोवर!"

नीळकंठने ताटली उचलली, केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि रवा भाजायला घेतला.