मंगलच्या शेळ्या

कापूरहोळच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा नऊ वाजले होते. भोरच्या महिला समुपदेशन केंद्रात काम करणारी माझी मैत्रीण कल्पना टेम्पोपाशी उभी होती. तिच्या कामाबद्दल लिहायचं म्हणून मी आले होते. तिच्या शेजारी तिशीतली मंगल. नवऱ्याच्या मारहाणीमुळे ती नेसत्या लुगड्यानिशी भाटघरला माहेरी आली होती. माहेरून मिळालेल्या शेळ्या मात्र सासरीच राहिल्या. त्या परत द्याव्यात, असा कोर्टाचा हुकूम आता हातात होता. एका महिला हवालदारांना सोबत घेऊन आम्ही त्या आणायला निघालो.

पालीच्या पुढे टेम्पो थांबला. समोर राजगड, खाली हिरवी भातखाचरं. मंगलच्या सासरच्या वस्तीकडे चढताना मी दोनदा घसरले.

"चप्पल काढा ताई, पाय आपसूक वाट धरतोय," मंगल म्हणाली. ते खरं निघालं.

नवरा दारातच होता. हुकूम वाचून म्हणाला, "हितं वीस शेळ्या हायती. हिच्या कंच्या, ते कुठं लिवलंय?"

हवालदारबाई कागद चाळू लागल्या. मंगलचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तिची सासू बाहेर आली. तिने शेळ्या कोंडलेल्या वाडग्याचं दार सरकवलं.

"ती कबरी, ती कानफाटकी आन तिची दोन करडं. सूनबाईच्या म्हायेरची हायती. म्या साक्षीला हाय."

"आये, तू गप."

"लई वरसं गपच व्हते," ती म्हणाली आणि कबरीच्या गळ्यातल्या दाव्याला गाठ मारू लागली.

नवरा आत गेला. मंगल सासूच्या पाया पडली. "आत्याबाई, माझ्यासंगं चला."

"माजं हितंच हाय. तू नीट ऱ्हा."

उतरताना कबरीने माझ्या टिपणवहीची दोन पानं खाल्ली. मंगल इतकी हसली की तिला वाटेतच बसावं लागलं. कल्पना म्हणाली, "हिला हसताना पहिल्यांदाच बघतेय." भाटघरला मंगलच्या आईने तांदळाची भाकरी आणि झणझणीत पिठलं वाढलं. आम्ही जेवत असताना करडं अंगणभर उड्या मारत होती.

परतीच्या गाडीत माझ्या मनात सासूचं ते 'लई वरसं गपच व्हते' घोळत राहिलं. आमच्या वरच्या मजल्यावरून येणारे मारहाणीचे, बाईच्या रडण्याचे आवाज मी वर्षभर ऐकत होते आणि टीव्हीचा आवाज वाढवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढून बेल वाजवली. वरच्या मजल्यावरच्या त्या बाईने दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "आत या ना, चहा टाकते."